सरकारी लस घेतली तर कुणाचा वाटा खाल्ल्यासारखं होतं का?

पत्र असं आहे:

"नमस्कार ताई, तुम्ही मला अगं-तुगंच करा. माझं बाळ पाच आठवड्यांचं आहे, आम्ही पिंपळे सौदागरला राहतो, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. पुढच्या आठवड्यात सहाव्या आठवड्याच्या लसी आहेत. आमच्या डॉक्टरांकडे त्या एका व्हिजिटचे साधारण नऊ हजार सांगितलेत आणि असे तीन राऊंड लागोपाठ. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, मनपाच्या दवाखान्यात सगळं फुकट मिळतं, कशाला एवढे पैसे घालवता. मला पटलं. पण नवरा म्हणतो ते ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी असतं, आपण जाऊन त्यांचा वाटा खायचा का, आणि फुकटची लस कशी असेल काय माहीत. सासूबाईंना बिनदुखीची सुई हवी आहे. भाऊजींचं तर वेगळंच, ज्याने मूल जन्माला घातलं त्याने खर्च करावा, माझ्या टॅक्समधून का? आणि गंमत बघा, ज्या मावशींनी मला सांगितलं त्यांच्याच सव्वादोन वर्षांच्या मुलीचा गोवरचा दुसरा डोस राहिलाय, कारण लसीचा वार असतो त्या सकाळी त्यांची चार घरची कामं असतात. मी काय करू? – गोंधळलेली आई"

अगं, आधी उत्तर सांगते मग बाकीचं बोलू, कारण तुझ्या हातात दिवस थोडे आहेत. बाळाला घेऊन बिनधास्त मनपाच्या दवाखान्यात जा. बाळंतपण झालं त्या हॉस्पिटलने दिलेलं लसीचं कार्ड सोबत ने, जन्माच्या वेळची बीसीजी, पोलिओचे पहिले थेंब आणि कावीळ बी ची लस कधी झाली ते सिस्टर त्यात बघतील आणि यू-विन या सरकारच्या लसीकरण पोर्टलवर नोंद करतील. लसीचा वार कुठला, किती वाजेपर्यंत, हे आदल्या दिवशी विचारून ठेव, शक्य असेल तर बाळाचं नाव आधी देऊन ठेव म्हणजे त्यांच्या यादीत येतं.

मी स्वतः बरीच वर्षं लसीकरणाच्या टेबलाला बसले आहे, त्यामुळे तिथे काय होतं ते सांगते म्हणजे तू घाबरणार नाहीस. सहाव्या आठवड्याला तीन सुया असतात. डाव्या मांडीत पेंटा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब (मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा एक जंतू) या पाच आजारांची मिळून एक. उजव्या मांडीत न्यूमोकोकलची, जी न्यूमोनियापासून वाचवते. उजव्या दंडावर कातडीत अगदी थोडीशी पोलिओची. आणि तोंडाने पोलिओचे थेंब आणि रोटा, जी जुलाबापासून वाचवते. बाळ रडतं, जोरात रडतं, आणि मग छातीशी घेतलं की बहुतेक वेळा शांत होतं. अर्धा तास तिथेच बसायचं, लगेच रिक्षा पकडायची नाही. संध्याकाळी ताप येऊ शकतो, पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो तो सिस्टरकडून लिहून घे, आणि टोचलेल्या जागी चोळू नको.

आता नवऱ्याच्या प्रश्नावर येते. वाटा खाण्याचा विचार त्याच्या मनात आला हे चांगल्या मनाचं लक्षण आहे, त्याला वाईट बोलू नको. पण लसीकरण रेशनसारखं ठराविक लोकांसाठी ठेवलेलं नाहीये. सरकार दरवर्षी जन्माला येणारी सगळी बाळं धरून हिशोब करतं, देशभरात साधारण २ कोटी ६० लाख, त्यात श्रीमंत-गरीब असा रकानाच नाही, तुझं बाळ त्या आकड्यात आधीपासून आहे. १९८५ पासून हा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालू आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस) देशातल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांनी बहुतेक लसी सरकारी ठिकाणीच घेतलेल्या दिसतात, म्हणजे तिथे जाणं हीच आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे, खाजगीत घेणारे थोडे. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, एका बाटलीत बऱ्याच मुलांचे डोस, पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची आणि उरली तर फेकून द्यायची. टेबलावर दोनच मुलं आली असतील तर सिस्टर आशाताईंना फोन करत बसतात की अजून कुणाचा डोस राहिलाय का, घेऊन या, बाटली फोडायचीय. पुढे नवव्या महिन्यात तुझं बाळ त्या रांगेत असलं तर त्याने कुणाचंही घेतलेलं नसतं, उलट फेकला जाणारा एक डोस वाचलेला असतो.

फुकटची लस कशी असेल याचं उत्तर तर तुमच्या गावातच आहे, हडपसरला. पेंटा, गोवर-रुबेला, न्यूमोकोकल, रोटा या सगळ्या लसी सिरम इन्स्टिट्यूट बनवते आणि त्या जागतिक आरोग्य संघटनेने तपासून मान्य केलेल्या आहेत, जगातल्या कितीतरी देशांतली बाळं पुण्याहून गेलेल्या लसीवर वाढतायत. स्वतःची खात्री करायची असेल तर सिस्टरना म्हण मला बाटली दाखवा. लेबलवर किंवा झाकणावर एक छोटा गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट दिसला की लस चांगली, दोन्हीचा रंग सारखा झाला म्हणजे लसीला उष्णता लागलीय, ती वापरायचीच नाही. कुणीही आई बघू शकते, हक्काने बघ, चांगली सिस्टर रागावत नाही.

सासूबाईंसाठी थोडं. बिनदुखीच्या लसीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक भागच असतात म्हणून ताप आणि सूज कमी, सरकारी पेंटात अख्खा मारलेला जंतू असतो म्हणून एक-दोन दिवस त्रास जास्त. पण बिनदुखीचं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात सगळीकडे बिनदुखी आणली आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली, त्यात लसी पूर्ण झालेली शाळेतली मुलंही आजारी पडली. एक रात्र बाळ किरकिर करेल, त्या बदल्यात संरक्षण टिकाऊ मिळतं, असं सांग त्यांना, त्यांच्या काळातल्या त्रिगुणीतही (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) असाच अख्खा जंतू होता.

भाऊजींचा प्रश्न मला जरा सविस्तर घ्यायचाय, कारण असं बोलणारे हल्ली खूप भेटतात आणि त्यांना कुणी नीट उत्तर देत नाही, फक्त स्वार्थी म्हणून मोकळे होतात.

लस ही एकट्याच्या उपयोगाची वस्तू असती तर त्यांचं म्हणणं मी मान्य केलं असतं, ज्याला हवी त्याने घ्यावी. पण गोवराचा एक पेशंट, आजूबाजूला कुणीच लस घेतलेली नसेल तर, १२ ते १८ जणांना गोवर देतो. तो थांबवायचा तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस लागतात. आणि पहिला डोस नवव्या महिन्यात असतो, म्हणजे तुझं पाच आठवड्यांचं बाळ अजून कित्येक महिने बरंचसं दुसऱ्यांच्या मुलांनी घेतलेल्या लसीवर सुरक्षित आहे, तू नऊ काय नव्वद हजार खर्च केलेस तरी यात फरक पडत नाही. लिफ्टमध्ये, सोसायटीच्या बागेत, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये त्याच्या शेजारी येणाऱ्या मुलाने डोस घेतलाय की नाही यावर ते अवलंबून आहे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीपासून गोवर पसरला तेव्हा हे आपण बघितलंच, भिवंडी, मालेगावपर्यंत गेला, मुलं दगावली. कोविडमध्ये डोस चुकलेली मुलं दाट वस्तीत साठत गेली होती, त्याचा तो परिणाम. आणि नऊ महिन्यांच्या आतली बाळंही सापडायला लागली तेव्हा केंद्र सरकारने अशा भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस द्यायला सांगितलं.

रुबेला तर भाऊजींना मुद्दाम सांग. लहान मुलाला झाला तर अंगावर पुरळ, बारीक ताप, दोन-चार दिवसांत बरं. पण गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू असलेलं, हृदयात दोष असलेलं जन्माला येऊ शकतं. गरोदरपणात ही लस देता येत नाही. म्हणजे उद्या भाऊजींचं लग्न झालं आणि त्यांच्या बायकोला दिवस गेले तर ते मूल वाचवणार कोण, तर आज दीड-दोन वर्षांची असलेली, त्यांना कधीही न भेटणारी मुलं, ज्यांच्या लसीला भाऊजींचा टॅक्स लागतोय. मुलग्यांना पण ही लस का देतात याचंही कारण हेच.

आणि ज्याला परवडेल त्याने घ्यावी असं ठेवलं तर काय होतं, हे प्रत्यक्ष घडून गेलंय. ग्रीसमध्ये १९७५ च्या सुमारास गोवर-गालगुंड-रुबेलाची लस खाजगीत मिळायला लागली, सरकारने सगळ्यांपर्यंत पोचवायचं काही धोरण केलं नाही, बरीच वर्षं निम्म्या मुलांनीही घेतली नाही. त्यामुळे झालं असं की रुबेला पूर्ण थांबला नाही, नुसता मंदावला, पूर्वी लहानपणीच होऊन जायचा तो आता कितीतरी मुलींना झालाच नाही आणि त्या लसीशिवाय, आजाराशिवाय तशाच मोठ्या झाल्या, नेमक्या बाळंतपणाच्या वयात आल्या. १९९३ मध्ये साथ आली आणि त्या छोट्याशा देशात जन्मतः रुबेलाने बाधित २५ बाळांची खात्रीशीर नोंद झाली. अर्धवट लसीकरणाने काही काळ परिस्थिती आधीपेक्षा वाईट केली. आपल्याकडेही वर्षानुवर्षं रुबेलाची लस बहुतेक ठिकाणी खाजगीतच मिळायची, म्हणून २०१७ मध्ये गोव्यासह पाच ठिकाणांपासून मोहीम सुरू केली आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात, तेव्हा फक्त तान्ह्या बाळांना न देता ९ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना शाळाशाळांतून दिली. मधल्या वयातलं भगदाड बुजवायचं होतं. त्या वेळी शाळेतून आलेल्या फॉर्मवर सही करायला नको म्हणणारे शिकलेले आईबाप बरेच होते, मला तेव्हाही वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं.

आता पैशाचं बोलू. न्यूमोकोकलचा एक डोस खाजगीत कित्येक वर्षं जवळपास ४ हजारांना पडायचा, म्हणजे तीन डोसांना ज्या घराचा महिन्याचा पगार जाईल त्या घराने तो घ्यायचाच नाही, आणि न्यूमोनियाने मूल दगावतं ते मात्र बहुतेक त्याच घरात, चुलीच्या धुरात, एका खोलीत सातजण झोपतात तिथे. सिरमने २०२० च्या डिसेंबरमध्ये स्वतःची लस आणली, गरीब देशांसाठी एकत्र खरेदी करणाऱ्या 'गावी' (Gavi) या आंतरराष्ट्रीय संस्थेला ती २ डॉलरला एक अशी देऊ केली, म्हणजे तेव्हाचे दीडशे रुपये, आणि २०२१ मध्ये ती आपल्या सरकारी यादीत देशभर आली. सगळ्यांसाठी एकदम आणि वर्षानुवर्षं घेणार असं ठरलं की भाव असा खाली येतो. तुझे डॉक्टर लुबाडतायत असं मी म्हणणार नाही, त्यांना थोड्या बाटल्या घ्याव्या लागतात, फ्रीज, लाईट गेली तर बॅकअप, शिवाय त्यांची फी, पण ही किंमत प्रत्येक घराने सुटी सुटी मोजण्यात देशाचा कसलाच फायदा नाही.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी ९४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशोब २०१६ मध्ये मांडला होता. लसीकरणावर एक डॉलर घातला तर औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि लवकर गेलेल्या जिवांमुळे बुडणारी कमाई धरून साधारण १६ डॉलर वाचतात, आणि माणसं जास्त वर्षं निरोगी जगतात याचीही किंमत धरली तर ४४. भाऊजी म्युच्युअल फंडाचं बघत असतील तर त्यांना विचार, असा परतावा कुठे मिळतो. आणि टॅक्स फक्त तेच भरतात असंही नाहीये, मावशी साबण घेतात, मोबाइलचा रिचार्ज मारतात, त्यावर त्याच दराने जीएसटी देतात ज्या दराने भाऊजी देतात. तुझ्या सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण असेल तर तोही भाऊजींना बघायला सांग. ती लस सरकारने घरोघरी जाऊन फुकट टोचली, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं, आणि आज ना तुझ्या बाळाला ती सुई लागते ना सरकारला तिचा खर्च.

मग नऊ हजारांचं काय करायचं? सगळे वाचले असं समजू नको. सरकारी यादीत नसलेल्या लसी आहेत, टायफॉइडची, कावीळ ए ची, कांजिण्यांची, फ्लूची, गालगुंडाची. तुझ्या डॉक्टरांशी यावर मोकळेपणाने बोल, सांग की यादीतल्या मी मनपातून घेणार, बाकीच्या तुमच्याकडे, आणि वजन-उंची, वाढ बघायला येत राहणार, त्यासाठी त्यांची फी आनंदाने दे. दोन्हीकडचं एकाच कार्डावर लिहून घे, नाहीतर एखादा डोस दोनदा होतो किंवा राहूनच जातो. टायफॉइडबद्दल मला मनापासून राग आहे, कारण हा घाण पाण्याचा आजार, तो कुणाला जास्त होणार हे उघड आहे, आणि लस मात्र पैसे असतील त्यालाच. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये स्वतःच्या हद्दीत ती मुलांना मोफत दिली, सरकारी यंत्रणेने टायफॉइडची ही नव्या प्रकारची लस देण्याचं ते जगातलं पहिलं उदाहरण, लसीकरणाच्या राष्ट्रीय सल्लागार गटानेही २०२२ मध्ये तिची शिफारस केली. तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला भेटलीस कधी तर रस्ता आणि पार्किंगसोबत हेही विचार.

आणि आता मावशी. तू पत्राच्या शेवटी दोन ओळीत लिहिलंस, पण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. तुला भीती आहे की आपण गरिबाचा वाटा खातोय. मावशींच्या मुलीचा वाटा दवाखान्याच्या फ्रीजमध्ये तिच्या नावाने ठेवलेला आहे, तो तिच्यापर्यंत पोचत नाही तो वेळेमुळे. लस फुकट असली तरी सकाळ फुकट नसते गं. चार घरी खाडा, त्यातल्या एका घरी पैसे कापणार, एका घरी बोलणी, रिक्षाचं भाडं, वर रात्री पोरीला ताप आला की दुसऱ्या दिवशीचा पण खाडा. मी टेबलावर बसून हे इतक्यांदा ऐकलंय, 'सिस्टर, पुढच्या खेपेला नक्की आणते', आणि ती खेप येत नाही. यात त्या आयांना अडाणी, बेफिकीर म्हणणारे लोक मला सहन होत नाहीत, आणि काहींच्या मनात गैरसमज असतात हेही खरं आहे, पण बहुतेकींचा प्रश्न त्या एका सकाळचा असतो. ऊसतोडीला जाणारी घरं बघ, दिवाळीच्या सुमाराला बीडकडून निघतात ते पाच-सहा महिने फडावर, बाळाचा सहावा, दहावा, चौदावा आठवडा सगळा तिथेच जातो, गावातल्या आशाताईंच्या यादीत नाव असतं आणि बाळ दुसऱ्या जिल्ह्यात कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये भारतात साधारण १६ लाख बाळांना पेंटाचा पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता, २०२४ मध्ये हा आकडा ९ लाखांच्या आसपास आला, म्हणजे ठरवलं की होतं. पण उरलेली ९ लाख बाळं बहुतेक अशाच घरांतली असणार, जिथे सकाळ विकत घ्यावी लागते.

सरकारने काय करायला हवं तर संध्याकाळी आणि रविवारी सेशन ठेवावं, वीटभट्ट्यांवर, बांधकामाच्या साईटवर टेबल न्यावं, काही ठिकाणी करतातही. पण तुझ्या हातात जे आहे ते या आठवड्यात करता येण्यासारखं आहे. मावशींना लसीच्या त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी दे, त्यांनी मागायची वाट न बघता. बाकीची तीन घरं तुझ्याच सोसायटीत असतील तर त्या बायकांना तू फोन कर, मावशींनी करण्यापेक्षा तुझ्या शब्दाला तिथे जास्त वजन आहे, हे वाईट आहे पण आहे. सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच टाक की कामाला येणाऱ्यांपैकी कुणाच्या मुलांच्या लसी राहिल्यात का विचारा आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका. नवऱ्याला वाटा द्यायचीच इच्छा आहे ना, तर रिक्षाचं भाडं त्याला देऊ दे.

तू आणि मावशी एकाच दिवशी जा. त्यांच्या मुलीचं कार्ड हरवलं असेल तरी हरकत नाही, पहिले डोस कुठल्या दवाखान्यात झाले ते सांगितलं की सिस्टर रजिस्टरमधून शोधतात. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांचं होईपर्यंत देतात, दीड वर्षाचा त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचे थेंब पण राहिले असतील तर तेही त्याच वेळी विचारून घ्या.